घर ते शाळा: पायी बस, सायकल बस आणि शाळेसमोरच्या रस्त्याच्या नोंदी

२ सप्टेंबर

शाळेजवळची हवा सुधारावी म्हणून जमलेल्या गटाची पहिली बैठक. निम्मा वेळ फलकावर काय लिहायचं यातच गेला. झाडं लावू, शपथ घेऊ, रॅली काढू, असं एकेक पुढे येत होतं. शेवटी आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेल्या काकांनी विचारलं, "नेमकी कुणाची, गाडीची कोणती फेरी बंद करायची आहे आपल्याला?" त्यानंतर बैठक मुद्द्यावर आली.

ठरलं ते असं: घर ते शाळा ही एकच फेरी धरायची. ती रोज होते, ठरलेल्या वेळी होते, आणि कोण करतं हे आपल्याला ठाऊक आहे. शिवाय अंतर थोडं. थोड्या अंतराची फेरी धुराच्या हिशेबात सगळ्यात महाग पडते. गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की मगच नीट काम करतो. सकाळी थंड इंजिन सुरू करून मूल शाळेत सोडेपर्यंत तो धड तापलेलाही नसतो. म्हणजे जी फेरी पायी होऊ शकते, तीच दर किलोमीटरला सर्वात जास्त घाण सोडते. हे काकांना आधीपासून माहीत होतं. बाकी आम्ही वहीत लिहून घेतलं.

५ सप्टेंबर

शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर उभे राहिलो. काही बोलायचं नाही, फक्त बघायचं, असं ठरवून.

घंटा व्हायच्या बऱ्याच आधीपासून गाड्या येऊन लागतात. पहिली रांग कडेला, दुसरी तिच्या बाहेरून, आणि मग मधून जायला जेमतेम एका वाहनाची वाट. बहुतेक इंजिनं चालूच. एका गृहस्थाला काकांनी हसत विचारलं, तर ते म्हणाले, "दोन मिनिटांचंच काम आहे हो, परत कुठे स्टार्ट करू?" खरं तर दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्यात इंधन कमीच जातं. हे तिथल्या तिथे सांगून उपयोग नव्हता. माणूस गाडीत बसलेला, काच अर्धी वर, लक्ष फाटकाकडे.

एक गोष्ट मात्र वहीत ठळक लिहिली. लहान वर्गातली मुलं रांग करून बाहेर येतात तेव्हा त्यांचं नाक एक्झॉस्टच्या नळीपासून फार वर नसतं. वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. म्हणजे सगळ्यात दाट धूर सगळ्यात लहान फुप्फुसांच्या वाट्याला, तोही नेमका शाळा सुटायच्या वेळी.

९ सप्टेंबर

पालकांसाठी प्रश्नावली. पहिल्या मसुद्यात 'तुम्ही मुलाला चालत पाठवायला तयार आहात का?' असा प्रश्न होता. त्याला सगळे हो म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी गाडीनेच येतात. तो काढून टाकला. आता फक्त दोन प्रश्न: काल मूल कसं आलं, आणि तसंच का आलं.

१७ सप्टेंबर

उत्तरं आली. हवेचं नाव जवळपास कुणीच काढलेलं नाही. दप्तर जड आहे, कामावर जाताना वाटेतच शाळा पडते, सकाळी उशीर होतो, ही कारणं अपेक्षितच होती. पण पुन्हा पुन्हा एकच जागा आली: मोठा चौक. चौकाच्या अलीकडची मुलं बरीचशी चालत येतात, पलीकडची जवळजवळ सगळी वाहनाने. अंतरात म्हणण्यासारखा फरक नाही. नकाशावर ठिपके मांडल्यावर हे इतकं उघड दिसलं की बैठकीत कुणी वाद घातला नाही.

मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, "म्हणजे हा प्रदूषणाचा नाही, रस्ता ओलांडायचा प्रश्न आहे." दोन्ही एकच आहेत, असं मला वाटतं. नेदरलँड्समधल्या सायकलींचे दाखले सगळे देतात, पण तिथली चळवळ हवेसाठी उभी राहिली नव्हती. १९७१ साली तिथे रस्ते अपघातांत ३,०००हून जास्त माणसं गेली, त्यांत ४००हून अधिक मुलं होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले, आणि 'मुलांची हत्या थांबवा' हेच त्यांच्या संघटनेचं नाव होतं. १९७३च्या तेलटंचाईने त्यांना आणखी बळ दिलं. हवा त्या मागणीच्या पाठोपाठ सुधारली. आपल्यालाही दार तेच दिसतंय.

२० सप्टेंबर

मोजणीची तयारी. दोन साधनं आहेत, आणि दोघांचे स्वभाव वेगळे.

पहिलं म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणजे वाहनांच्या धुरातला एक घातक वायू, मोजणाऱ्या नळ्या. बोटाएवढी प्लास्टिकची नळी. वरच्या टोपणात बारीक जाळी, जाळीवर ट्रायइथॅनॉलअमाइन नावाचं रसायन. खालचं तोंड उघडं ठेवून ती दिव्याच्या खांबाला बांधायची, दोन ते चार आठवडे तशीच राहू द्यायची, मग टोपण लावून प्रयोगशाळेत पाठवायची. वीज नको, पंखा नको. मिळते ती त्या काळाची सरासरी. कोणत्या तासाला काय झालं हे ती सांगत नाही.

बांधताना कळलं की यातही कसब आहे. नळी भिंतीला चिकटली तर हवा खेळत नाही, म्हणून मध्ये छोटा ठोकळा. हात पोचेल इतकी खाली असेल तर कुणीतरी काढून नेतं, फार उंच असेल तर माणसं श्वास घेतात ती हवा ती मोजतच नाही. लेबलवर जागा, तारीख आणि टोपण उघडल्याची वेळ पेन्सिलीने लिहिली. शाई पावसात पसरते. एका खांबावर शेजारी शेजारी तीन नळ्या लावल्या, म्हणजे त्यांचं आपसात किती जुळतं ते दिसेल. एक नळी न उघडता नुसती सोबत फिरवायची; प्रवासात काही मिसळलं का ते तिच्यावरून कळतं. आणि एक पालिकेच्या अधिकृत मापन केंद्राशेजारी, कारण या नळ्यांचा आकडा सहज २० टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो, त्याला कुठेतरी टेकू हवा.

दुसरं साधन पीएम २.५, म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, मोजणारे छोटे सेन्सर. आत पंखा हवा ओढतो, लेझरचा झोत पडतो, कणांवरून किती प्रकाश विखुरला त्यावरून अंदाज. दर मिनिटाला आकडा देतात, म्हणून मुलांना फार आवडतात. हवेत ओल वाढली की कण पाणी धरून फुगतात आणि हाच सेन्सर आकडा चढवून सांगतो. त्यामुळे आर्द्रतेची नोंद सोबत ठेवायचीच, नाहीतर धुकं पडलं की आपण घाबरून पत्रकं काढू.

२२ सप्टेंबर

जागतिक 'गाडीविना दिवस'. फोटो झाले. दुसऱ्या दिवशी फाटकासमोर रांग जशीच्या तशी. एका दिवसाचे कार्यक्रम वाईट नाहीत, पण त्यांना सवय लागण्याइतकी मुदत मिळत नाही. कोलंबियातल्या बोगोटात १९७४पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मुख्य रस्ते सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत गाड्यांना बंद असतात, आज ते जाळं १२० किलोमीटरच्या पुढे गेलंय. तिथे लोकांनी रविवार त्याप्रमाणे आखायला सुरुवात केली, कारण पुढच्या रविवारीही रस्ता मिळणार याची खात्री होती. आम्हीही आठवड्याचा ठरलेला वार धरायचा.

१ ऑक्टोबर

चौकात स्टॉपवॉच घेऊन उभे राहिलो. सिग्नलची वेळ ठरवताना पादचारी सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असं बऱ्याच ठिकाणी धरतात. धडधाकट माणसाला ते ठीक. दप्तर घेतलेलं पहिलीचं मूल, किंवा नातवाचा हात धरलेली आजी, इतक्या वेगाने जात नाही. रस्त्याची रुंदी टेपने मोजली, हिरव्या दिव्याचा वेळ मोजला, भागाकार केला. मुलांना मधल्या दुभाजकापर्यंतच पोचता येतं. उरलेलं अंतर त्यांनी पळावं अशी त्या दिव्याची अपेक्षा आहे.

पालिकेच्या वाहतूक विभागाला पत्र. त्यात हवा, आरोग्य, पर्यावरण यांपैकी एकही शब्द घातला नाही. रुंदी, सेकंद, चालीचा वेग आणि एक मागणी: हिरवा दिवा लांबवा. गटातल्या काहींना हे फारच कोरडं वाटलं. मला वाटतं, कार्यालयात टेबलावर पडलेलं पत्र जितकं कोरडं, तितकं ते लवकर पुढे सरकतं.

८ ऑक्टोबर

पालकसभा. पायी बसची कल्पना मांडली: ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे, ठरलेली वेळ, पुढे एक मोठं माणूस, मागे एक, मध्ये मुलं. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियात डेव्हिड एंगविख्ट यांनी ती मांडली आणि मग बऱ्याच देशांत पसरली. ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मागच्या रांगेतून एका आईने विचारलं, "ताई, त्याच धुरातून मुलांना चालवत नेणार ना तुम्ही? गाडीत निदान काच तरी असते."

सभेतला सगळ्यात खरा प्रश्न हाच होता, म्हणून त्यावर वेळ घालवला. पहिली गोष्ट, काच लावल्याने धूर बाहेर राहत नाही. गाडी पुढच्या गाडीच्या मागेच उभी असते आणि हवा आत घेण्याची तिची जागा त्याच धुरात असते. कोंडीत गाडीच्या आतलं प्रमाण फुटपाथपेक्षा जास्त निघाल्याची मोजमापं बऱ्याच शहरांत झाली आहेत. दुसरी बाजूही सांगितली: चालणारा, त्याहून सायकलवाला, दर मिनिटाला जास्त हवा ओढतो. म्हणून मार्ग महत्त्वाचा. मुख्य रस्त्यापासून एक गल्ली आत गेलं तरी धूर झपाट्याने उतरतो. पायी बस मागच्या गल्लीतूनच जाईल, मग चार पावलं जास्त पडली तरी चालतील.

व्यायामाचा फायदा धुराच्या तोट्याला पुरतो का, हेही विचारलं गेलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचं गणित मांडलंय. पीएम २.५चं प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असेल तर रोज दीड तासाहून जास्त सायकल चालवल्यावर तोटा फायद्यापेक्षा वर जातो. चालण्यासाठी ती मर्यादा दहा तासांच्या पुढे आहे. हा हिशेब मोठ्यांचा आहे, मुलांना तसाच लावता येत नाही, हेही सांगून टाकलं. आणि ज्या दिवशी हवा फारच वाईट असेल त्या दिवशी दम्याच्या मुलांसाठी वेगळी सोय राहील, हे लेखी दिलं.

त्या आईने शेवटी नाव नोंदवलं. मागे चालणाऱ्या माणसाच्या यादीत, हे विशेष.

१५ ऑक्टोबर

पायी बस सुरू झाली. मुलं वेळेवर, मोठी माणसं उशिरा.

२९ ऑक्टोबर

लक्षात आलेलं: मुलं बससाठी येतात ती मैत्रिणी-मित्रांसाठी. एका थांब्यावरचा मुलगा आजारी पडला की तिथून दुसरंही कुणी येत नाही. म्हणून थांबे कमी केले आणि प्रत्येक थांब्यावर निदान तीन-चार घरं येतील असे जोडले. दप्तरांसाठी काकांनी हातगाडी आणली. आता ती ओढण्यावरून भांडणं होतात, पाळी लावावी लागली.

६ नोव्हेंबर

पुढची मागणी: शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी अर्धा तास समोरचा रस्ता वाहनांना बंद. इटलीतल्या बोल्झानोत हे १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं, नंतर लंडनने शेकडो शाळांसमोर केलं. रहिवाशांची बैठक बरीच तापली. रुग्णवाहिकेचं काय, घरपोच सामानाचं काय, आमच्याच घरी आम्हाला जाऊ देणार नाही का? शंका रास्त होत्या. रहिवासी, रुग्णवाहिका आणि अपंगांची वाहने यांना केव्हाही मुभा, फक्त चालीच्या वेगाने, हे ठरल्यावर आवाज खाली आला. एक आजोबा मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, "गाड्या नाहीशा होणार नाहीत, पलीकडच्या गल्लीत जातील." त्यांचा मुद्दा मोजूनच तपासता येईल. पलीकडच्या गल्लीत दोन नळ्या लावल्या, आणि त्या आजोबांच्याच घरासमोरच्या खांबावर लावल्या. आता ते रोज त्यांच्याकडे लक्ष ठेवतात.

विरोध आहे म्हणून सोडून द्यायचं का, यावर गटात चर्चा. स्वीडनमधल्या स्टॉकहोमचं उदाहरण मी काढलं. गर्दीशुल्क, म्हणजे शहरात येणाऱ्या गाड्यांवरचं शुल्क, लागण्याआधी तिथे बहुसंख्य लोक विरोधात होते. ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ नुसती चाचणी घेतली, शहरात येणारी वाहतूक साधारण २० टक्क्यांनी उतरली, लोकांनी ती डोळ्यांनी पाहिली, आणि सप्टेंबरमध्ये मतदानात बाजूने कौल दिला. ऑगस्ट २००७पासून शुल्क कायम झालं. आमच्या रस्त्यालाही आधी मुदतीची चाचणीच मागायची. कायमचं काही मागितलं की माणसं कायमचं नाही म्हणतात.

२५ नोव्हेंबर

थंडी पडली आणि सेन्सरचे आकडे भराभर वर. पायी बस चालू, रस्त्याची चाचणी चालू, गाड्या डोळ्यांना कमी दिसताहेत, आणि हवा मात्र महिन्यापूर्वीपेक्षा वाईट. गटात निराशा. एकीने तर मोहीम फसली असं जाहीर करून टाकलं.

थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची तिच्याहून उबदार होते. मग गार हवा वर जात नाही, धूर खालीच कोंडतो. गाड्या कमी झाल्या तरी झाकण घट्ट बसलं की डब्यात वास वाढणारच. याचा अर्थ उलटाही तितकाच खरा: वारा सुटला आणि आकडे उतरले तर ते श्रेय आपलं नाही.

अमेरिकेतल्या अटलांटाचा धडा इथे कामाचा. १९९६च्या ऑलिंपिकमध्ये तिथे गाड्या आवरल्या; सकाळच्या गर्दीची वाहतूक २२.५ टक्क्यांनी घटली, जमिनीलगतचा ओझोन (धुरातून उन्हात तयार होणारा घातक वायू) सुमारे २८ टक्क्यांनी उतरला, मुलांच्या दम्याच्या तातडीच्या केसेसही कमी झाल्या असा अभ्यास २००१ साली आला आणि जगभर उद्धृत झाला. २०१०च्या फेरतपासणीत दिसलं की त्याच दिवसांत त्या भागातल्या इतर शहरांतही ओझोन तसाच उतरला होता. हवामानाचा वाटा मोठा होता, आणि दम्याचा निष्कर्षही डळमळला. इतक्या मोठ्या शहराची ही गत, तर एका शाळेसमोरच्या रस्त्याने हवेवर किती दावा करावा?

३ डिसेंबर

नळ्यांचा अहवाल आला. शाळेसमोरचा आकडा दूर, वाहतूक नसलेल्या जागी लावलेल्या नळीच्या तुलनेत थोडा खाली सरकला आहे. पण सरकला तो नळ्यांच्या मोजणीत होऊ शकणाऱ्या चुकीतच बसेल इतका. पलीकडच्या गल्लीत वाढ दिसत नाही. आजोबांना कागद नेऊन दिला. ते म्हणाले, "अजून एक महिना बघू." बरोबरच आहे.

मग अपेक्षित वाद. प्रसिद्धी बघणाऱ्यांना फलक हवा: 'आमच्या शाळेची हवा सुधारली'. माझा विरोध, आणि काकांचाही. एक तर एवढ्याशा फरकावर तसं म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे, पुढच्या थंडीत आकडा वर गेला की तोच फलक आपल्याविरुद्ध दाखवतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मार्गदर्शक पातळी ४०वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली, पीएम २.५ची १०वरून ५वर. त्या पातळीच्या आसपासही आपण नाही. तिथवर एक गल्ली पोचत नसते. त्याला बस, इंधन, कारखाने, बांधकामाची धूळ, सगळंच लागतं.

फलकावर शेवटी हे गेलं: चौकापलीकडून आधी किती मुलं वाहनाने यायची आणि आता किती येतात. हे आपण स्वतः मोजलेलं आहे, कुणीही फाटकाशी उभं राहून पडताळू शकतं, आणि वाऱ्याने त्यात फरक पडत नाही. प्रसिद्धीवाले नाराज. होऊ देत.

१० डिसेंबर

इलेक्ट्रिक गाडीवाल्या पालकांना रस्ताबंदीतून सूट द्यावी, असा अर्ज. नाकारला. त्यांच्या गाडीतून धूर येत नाही हे मान्य, पण टायर आणि ब्रेक झिजून कण उडतातच, आणि दुसऱ्या रांगेत उभी राहिलेली गाडी मुलाची वाट तितकीच अडवते.

८ जानेवारी

सुट्टीनंतर पायी बस विस्कळीत. रोज पुढे चालणारी माणसं तीच तीच, आणि ती थकली आहेत. अशा मोहिमा धुरापेक्षा याच कारणाने बंद पडतात, असं आता वाटू लागलंय. नवं वेळापत्रक: एका माणसाला आठवड्यातून एकच दिवस, प्रत्येक दिवसाला एक राखीव माणूस, आणि 'उद्या जमणार नाही' हे रात्री नऊच्या आत कळवायचं. नऊनंतर कळवलं तर राखीव माणूस आपणच शोधायचा. हा शेवटचा नियम आयांनी सुचवला.

१९ जानेवारी

मोठ्या वर्गांसाठी सायकल बस, आठवड्यातून एकदा. बार्सिलोनातल्या मुलांच्या झुंडीचे व्हिडिओ २०२१मध्ये खूप फिरले होते, मुलांना तसंच हवं होतं. प्रत्यक्षात पहिला आठवडा हवा भरण्यात आणि ब्रेक घट्ट करण्यात गेला. वर्षानुवर्षं जिन्याखाली पडलेल्या सायकली बाहेर आल्या: साखळ्या गंजलेल्या, सीट मूल लहान असतानाच्या उंचीवर. क्रीडाशिक्षिकांनी प्रत्येकाला आधी मैदानात एका हाताने वळण्याची खूण करत चालवायला लावलं. ज्याला मागे वळून बघताना तोल सावरता येत नाही तो अजून रस्त्यावर नाही. वेग सगळ्यात सावकाश मुलाचा. चौकात दोन मोठी माणसं वाहतूक अडवतात, घोळका एकत्र जातो, मध्ये तुटू द्यायचा नाही. हॉर्न वाजतात. मुलं उलट घंट्या वाजवतात.

३० जानेवारी

वाहतूक विभागाचं उत्तर. हिरवा दिवा लांबवला. पत्रात कारण दिलंय 'पादचारी सुरक्षा', हवेचा उल्लेख नाही. स्टॉपवॉच घेऊन गेलो: पहिलीची मुलं आता न पळता पलीकडे पोचतात.

आठवड्याभरातच पलीकडच्या बाजूने नवीन नावं आली. इतके महिने समजावूनही जे पालक तयार नव्हते, त्यांतले काही आपणहून आले. कुणी हवेबद्दल बोललं नाही. एक जण म्हणाले, "आता चौकाची भीती नाही, म्हटलं येऊ दे."

४ फेब्रुवारी

पुढची कामं वाटून घेतली. पलीकडच्या बाजूला नवा थांबा, त्यासाठी दोन माणसं हवीत. नळ्या वर्षभर चालू ठेवायच्या, म्हणजे थंडीची थंडीशीच तुलना होईल. शेजारच्या शाळेने कागद मागितले आहेत; त्यांना प्रश्नावली, चौकाच्या मापांचा तक्ता आणि वाहतूक विभागाला लिहिलेलं पत्र द्यायचं. सेन्सरचे आलेख मागितले तर द्यायचे, पण आर्द्रतेच्या रकान्यासकट.